मल्चिंग पेपरखालची माती खरंच मरते का? सावनेरच्या एका शेतकऱ्याला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर लक्षात येईल. सावनेर तालुक्यात तुमची तीन एकर भारी काळी जमीन आहे. तीन वर्षांपासून बेडवर, म्हणजे गादीवाफ्यावर, २५ मायक्रॉन जाडीचा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचं आच्छादन, वापरता. ऑगस्टमध्ये मिरची, तिच्याच भोकांमध्ये फेब्रुवारीत टरबूज, आणि मे संपताना पेपर काढून पुन्हा नवीन बेड. पेपर वापरायच्या आधी माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत आलेला कार्बन, ०.५८ टक्के होता, आता ०.४१ आला. गांडुळं दिसत नाहीत, मातीला पूर्वीचा वास येत नाही, आणि गावातले लोक म्हणतात प्लास्टिकनं वावर मारलं. मल्चिंग बंद करू का, आणि संत्र्याच्या नव्या बागेत टाकू की नको, हे तुम्ही विचारलंय.

मी नागपूर जिल्ह्यात बावीस वर्षं माती तपासते आहे आणि भाजीपाला उत्पादकांच्या वावरात जाते आहे. त्या अनुभवावरून सांगते: पेपरखालचे जिवाणू मेले, असं तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून म्हणता येत नाही. माझी शंका वेगळी आहे. पेपर आणि ड्रिपमुळे त्या जिवाणूंना बारा महिने काम लागलं, पण तेवढं खाणं मिळालं नाही.

आपल्याकडे पेपर नसलेल्या जमिनीत काय घडतं ते आठवा. जून ते सप्टेंबर पाऊस, माती ओली, जिवाणू जोरात. दिवाळीनंतर ओल उतरत जाते. मार्चपासून वरची माती कोरडी ठक्क, भेगा पडलेल्या, आणि बाहेर ४५ अंश. अशा कोरड्या मातीत जिवाणू मरून संपत नाहीत, ते झोपतात. त्यांचं खाणं थांबतं म्हणून मातीतला कर्बही त्या चार महिन्यांत फारसा खर्च होत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला की ते एकदम जागे होतात. त्या वेळी मातीचा जो वास सुटतो तो स्ट्रेप्टोमायसिस गटातल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा.

पेपर आला आणि ही उन्हाळी विश्रांती गेली. एप्रिलमध्ये टरबुजाला ड्रिपनं पाणी चालू आहे, पेपर ती ओल उडू देत नाही, आणि माती गरम आहे. ओल पुरेशी असेल तर तापमान १० अंशांनी वाढल्यावर कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. ३५ अंशांच्या पुढे हा हिशोब तसाच चालत नाही, पण मुळांच्या थरात तो लागू पडतो. म्हणजे उघड्या वावरात ज्या महिन्यांत चूल विझलेली असायची, त्याच महिन्यांत आता ती सर्वात जास्त पेटलेली असते. जिवाणू जो कर्ब खातात त्यातला मोठा भाग कर्बवायू होऊन भोकांमधून निघून जातो. उरलेला साधारण एक-तृतीयांश त्यांच्या शरीरात राहतो.

हा एक-तृतीयांश फार मोलाचा आहे. जिवाणू आणि बुरशी मेल्यावर त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटतात, आणि आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती ते घट्ट धरून ठेवते. मातीत टिकणाऱ्या कर्बाचा बराच भाग असाच मेलेल्या सूक्ष्मजीवांचा असतो. म्हणून जिवाणू जास्त काम करू लागले हे एकट्यानं वाईट नाही. खाली नवं खाणं पडत असेल तर तेच जिवाणू कर्ब बांधतात. नसेल तर ते जुना साठा पोखरतात.

पेपरमुळे मातीत पडणारं खाणंही बदलतं, आणि ते दोन्ही बाजूंनी. पीक जोमदार येतं, मुळं जास्त वाढतात, ती खाली कुजतात, ही जमेची बाजू. पण तण नाही म्हणजे तणाची मुळं नाहीत, झडलेला पाला पेपरवरच सुकतो, वर्षात मध्येच शेणखत मिसळायची सोय नाही, आणि काढणीनंतर मिरचीची झाडं पेपरात गुंतलेली म्हणून बरेच जण सगळं एकत्र ओढून धुऱ्यावर पेटवून देतात. प्लास्टिकच्या धुराचा त्रास तर आहेच, वरून त्या ढिगात तुमच्या मातीचं वर्षभराचं खाणं जळतं. ही सवय मला पेपरपेक्षा जास्त घातक वाटते.

म्हणूनच जगभरातल्या प्रयोगांत एकच उत्तर मिळत नाही. चीनच्या थंड, कोरड्या भागातल्या मक्यात पेपरखाली कुजणंही वाढतं आणि मुळंही वाढतात, आणि अनेक ठिकाणी कर्बाचा हिशोब जवळपास जुळून जातो. तिथे पेपर टाकतात तो मुख्यतः थंड मातीला ऊब द्यायला. नागपूरला उबेची गरज कुणाला आहे? आपण तो ओलीसाठी आणि तणासाठी टाकतो. त्यामुळे तिकडचे निष्कर्ष उचलून सावनेरला लावू नयेत, चांगलेही नाहीत आणि वाईटही नाहीत.

आता तुमच्या आकड्यांकडे वळते, कारण ०.५८ वरून ०.४१ हा उतार मला खटकतो. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात ढोबळ ९ लाख किलो माती असते. ०.५८ टक्के म्हणजे सुमारे ५,२०० किलो कर्ब. ०.४१ म्हणजे ३,७०० च्या आसपास. तीन वर्षांत दीड हजार किलो, म्हणजे साठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. वर्षाला दोन-दोन पिकांची मुळं पडत असताना भारी काळ्या मातीत इतक्या वेगानं कर्ब उतरलेला मी पाहिलेला नाही. थोडा उतरला असेल हे मान्य, पण एवढा फरक आला की मी आधी नमुन्यावर संशय घेते.

पहिला नमुना पेपर येण्याआधी, सपाट वावरातून घेतलेला असणार. दुसरा कुठून घेतला ते तुम्ही लिहिलं नाही. बेडमधून घेतला असेल तर एक गोष्ट घडलेली असू शकते: बेड ओढताना नांगर आणि रोटाव्हेटरनं खालची माती वर आली. खालच्या थरात कर्ब कमीच असतो. तो वरच्या मातीत मिसळला की एक ग्रॅमही कर्ब न जळता आकडा पातळ होतो. कळमेश्वरकडच्या एका वावरात मी मुद्दाम बेड आणि मधली सरी यांचे नमुने वेगळे घेतले होते, आणि एकाच दिवशी, एकाच वावरात दोघांत जवळजवळ तुमच्याएवढाच फरक निघाला.

प्रयोगशाळेची पद्धतही पाहा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वॉकले-ब्लॅक पद्धतीनं कर्ब मोजतात, म्हणजे डायक्रोमेट नावाच्या रसायनानं सेंद्रिय कर्ब जाळून उरलेलं रसायन मोजायचं. काही ठिकाणी माती उच्च तापमानाला जाळून एकूण कर्ब मोजणारं यंत्र असतं. आपल्या मातीत चुनखडी भरपूर, आणि आम्ल टाकून चुना आधी काढला नाही तर हे यंत्र चुन्यातला कर्बही धरतं. पेपरचे बारीक तुकडे नमुन्यात गेले तर त्यांचाही धरतं. पेपर ज्याचा बनतो त्या पॉलिथिनच्या वजनात सुमारे ८६ टक्के कर्बच असतो, पण तो मातीच्या काही कामाचा नाही. मातीतल्या जिवाणूंना तो तुमच्या-माझ्या हयातीत पुरता पचवता येणार नाही. तेव्हा दोन्ही वेळची पद्धत एकच होती का, हे आधी विचारा. पद्धत वेगळी असेल तर ते दोन आकडे शेजारी ठेवूच नका.

या मे महिन्यात पेपर काढल्यावर आणि शेणखत टाकायच्या आधी पुन्हा नमुना घ्या. बेडवरच्या आठ-दहा जागा आणि सऱ्यांमधल्या आठ-दहा जागा, दोन पिशव्या वेगळ्या. प्रत्येक जागी इंग्रजी व्हीसारखा १५ सेंटिमीटर खड्डा, त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी खाप. झाडाच्या भोकाची आणि ड्रिपरच्या अगदी खालची जागा टाळा. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत. तिसरा नमुना धुऱ्यावरच्या जुन्या बाभळीखालचा घ्या, जिथे कधी नांगर गेला नाही. तुमची माती काय धरून ठेवू शकते याची ती मोजपट्टी.

गांडुळं आणि वास यांबद्दल. सतत ओल्या राहिलेल्या मातीला पहिल्या पावसासारखा वास एकदम सुटत नाही, त्यामुळे त्यावरून जिवाणू गेले असं ठरवू नका. पेपरच्या भोकात दोन बोटं घालून मूठभर माती काढा. ती रवाळ फुटत असेल, पांढरे बारीक तंतू दिसत असतील, वास जंगलातल्या पालापाचोळ्यासारखा असेल तर काळजी नको. गुळगुळीत चिकट गोळा निघाला आणि नालीसारखा कुबट वास आला तर हवा कोंडली आहे. भारी जमिनीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे खूप होतं: वरून पाऊस भोकांतून शिरतो, खालून निचरा नाही आणि पेपर वाफ उडू देत नाही. अशा वेळी नत्रही वायू होऊन उडतं आणि मूळकुज येते. उपाय साधा आहे, बेड निदान एक फूट उंच आणि सरीला उतार. गांडुळं मात्र मे महिन्यात शोधू नका, ती खोल गेलेली असतात. सप्टेंबरमध्ये पेपरची कड उचलून बघा.

जिवाणू काम करतात की नाही हे पाहायला मी शेतकऱ्यांना एक घरगुती परीक्षा सांगते. जुन्या पांढऱ्या सुती धोतराच्या एकाच तुकड्यातून वीतभर लांबीच्या सहा पट्ट्या कापा. प्रत्येकीला नायलॉनची दोरी बांधा, म्हणजे नंतर सापडेल. दोन बेडमध्ये पेपरखाली, दोन सरीत, दोन बाभळीखाली, चार बोटं खोल पुरा. दोन महिन्यांनी काढा. सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, वनस्पतींच्या धाग्यांचं मूळ द्रव्य, ते खाणारे जिवाणू आणि बुरशी जिथे जास्त, तिथे कापडाची जाळी होते. मागच्या वर्षी एका मिरचीच्या वावरात ऑक्टोबरमध्ये पुरलेल्या पट्ट्या डिसेंबरात काढल्या. पेपरखालची नुसती शिवण उरली होती, सरीतली पट्टी पिवळी पडली होती पण धुवून पुन्हा वापरता आली असती. त्या शेतकऱ्यालाही वाटत होतं पेपरखाली सगळं मेलंय. तिथे जिवाणू भुकेले होते, मेलेले नव्हते.

आता खाणं किती घालायचं. इथे बरेच जण जीवामृतावर विसंबतात, म्हणून आकडा मांडते. एकरी २०० लिटर जीवामृतात १० किलो शेण, २ किलो गूळ, २ किलो बेसन. शेणातलं पाणी वजा केलं तर कोरडा माल सहा किलोच्या आसपास, त्यातला कर्ब अडीच-तीन किलो. समोर साठा चार-पाच हजार किलोंचा. जीवामृत जरूर सोडा, त्यानं जिवाणूंना चालना मिळते. पण त्यांचं पोट त्यानं भरत नाही. पोट भरतं शेणखतानं. तीन टनांच्या एका ट्रॉलीतून ढोबळ चारशे किलो कर्ब जातो, आणि दोनेक वर्षांनी त्यातला पाचवा हिस्सा उरला तरी मी समाधानी असते. तेव्हा एकरी तीन ट्रॉल्या, दरवर्षी, बेड ओढताना, आणि फक्त बेडच्या पट्ट्यात. खत पुरतं कुजलेलं हवं. ताजं सोयाबीनचं कुटार किंवा गव्हाचा भुसा पेपरखाली तसाच दाबला तर तो कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि मिरची तीन-चार आठवडे पिवळी राहते. कुटार टाकायचंच असेल तर ते सरीत टाका.

सरीकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून थोडं थांबते. पाच फुटांवर बेड आणि चार फुटी पेपर असेल तर दोन्ही कडा मातीत दाबल्यावर तीन फूट पेपर दिसतो आणि दोन फूट सरी उघडी राहते. म्हणजे तुमचं ४० टक्के वावर उन्हात करपतं, वर पाय पडून घट्ट होतं आणि पावसात तिथली माती वाहते. तिथे चार बोटं कुटाराचा थर दिला तर माती थंड राहते, पाणी मुरतं, आणि वर्षाअखेर तो थर मोडून पुढच्या बेडमध्ये जातो.

तीन वर्षांतून एक खरीप पेपरशिवाय जाऊ द्या. जूनमध्ये ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं पेरा आणि फुलोऱ्याच्या आधी, ४०-४५ दिवसांनी, गाडून टाका. तीन एकर आहेत, तर दरवर्षी एक एकर या फेऱ्यात घाला, कमाई एकदम थांबत नाही. आणि मिरचीची झाडं उपटू नका, जमिनीलगत कापा, मुळं आतच कुजू द्या. मर रोग असेल तर मात्र मुळासकट काढून बाहेर न्या.

एवढं केलं तर कर्बाचा प्रश्न हाताबाहेर जात नाही. मला तुमच्या वावराची खरी काळजी वाटते ती मागे राहणाऱ्या तुकड्यांची. कर्ब घटला तर दहा वर्षांत भरून काढता येतो. पॉलिथिन मातीत मिसळलं की ते वेचून काढायची काही सोय नाही.

चार वर्षांपूर्वी एका वावरात टोमॅटो अचानक पाण्याला दाद देईनात म्हणून मी दोन फूट खड्डा घेतला होता. वीतभर खोलीवर पेपरचे हाताएवढे तुकडे आडवे पडलेले. एक तुकडा अलगद उचलला तर त्यावर मुळं काचेवर चिकटलेल्या केसांसारखी सपाट पसरली होती, खाली जायला वाटच नव्हती. तुकड्याच्या वर ओल, खाली कोरडं. त्याहून वाईट गोष्ट खड्ड्याच्या तळाशी दिसली. आपली माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि पृष्ठभागावरचे तुकडे त्या भेगांत पडून दीड-दोन फूट खाली गेले होते. पावसात भेग मिटली की तुकडा तिथेच गाडला जातो. लाल किंवा मुरमाड जमिनीत तो वर तरी राहतो, रोटाव्हेटरला लागतो, दिसतो. काळी माती त्याला गिळते.

चीनमधल्या शिनजियांगच्या कापसात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे वर्षानुवर्षं ८ मायक्रॉनचा पेपर वापरला, जो काढताना हातात तुटतो. शेवटी २०१७ च्या नव्या मानकात किमान जाडी १० मायक्रॉन करावी लागली. तुमचा २५ चा आहे, ते चांगलं आहे. स्वस्तात मिळतो म्हणून याहून पातळ घेऊ नका. पण तो दोन पिकं, म्हणजे नऊ-दहा महिने, नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात राहतो आणि कडा ठिसूळ होतात. शक्य असेल तर दोन पिकांसाठी ३० मायक्रॉन घ्या आणि पेपर मेअखेरपर्यंत ठेवू नका. शेवटचं टरबूज निघालं की आठवड्याभरात, एक हलकं पाणी देऊन, वाफशावर, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशा वेळी, काढा. कोरड्या ढेकळांत दाबलेली कड ओढली की फाटते. ओल्या मातीतून ती पट्टीसारखी निघते.

आणि तो तोलून पाहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. २५ मायक्रॉनचा पेपर दर चौरस मीटरला सुमारे २३ ग्रॅम भरतो. तुमच्या बेडच्या मापानं एकराला साधारण ७५ किलो पेपर लागतो, ४०० मीटरचे सातेक रोल. काढल्यावर एका बेडचा पेपर चिखल धुवून, वाळवून वजन करा, आणि टाकलेल्या वजनाशी ताडा. भोकांचं वजन किरकोळ असतं. दहा टक्के कमी भरलं तर एकरी साडेसात किलो प्लास्टिक तुमच्या वावरात राहिलं, एका वर्षात. ते पहिल्या पावसाच्या आधी माणसं लावून वेचा, आणि वेचून होईपर्यंत रोटाव्हेटर घालू नका. रोटाव्हेटर एका तुकड्याचे शंभर करतो.

कुजणारा पेपर घ्यावा का, असं पुढे विचाराल म्हणून सांगते. पीबॅट नावाचं कुजणारं प्लास्टिक आणि स्टार्च यांपासून बनलेले, मातीत खरंच कुजणारे पेपर आहेत. युरोपातल्या मानकानुसार २५ अंशांच्या आसपास दोन वर्षांत त्यांचा ९० टक्के कर्ब वायू व्हावा लागतो. महाग आहेत, आणि आपल्या उन्हात लवकर फाटायचा धोका आहे, म्हणून आधी दोनच बेडवर करून पाहा. पण ऑक्सो-डिग्रेडेबल नावाखाली मिळणारा पेपर अजिबात घेऊ नका. ते पॉलिथिनच असतं, फक्त लवकर चुरा होईल असं द्रव्य घातलेलं. युरोपीय संघानं २०२१ पासून असा माल बाजारात आणायला बंदी घातली आहे.

राहिली संत्र्याची बाग. तिथे माझं मत स्पष्ट आहे: भारी जमिनीत पावसाळ्यात संत्र्याच्या बुडाशी प्लास्टिक नको. आपल्या भागात संत्र्याला फायटोप्थोरा या बुरशीची मूळकुज आणि खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग आधीच मोठा त्रास देतात, आणि त्या बुरशीला सतत ओलं बूड हवंच असतं. बागेसाठी १०० मायक्रॉनचा जाड पेपर मिळतो आणि तो तुकडे न होता बरीच वर्षं टिकतो, हे खरं. पण तुमच्या मातीत तो घालायचाच असेल तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरनंतर, खोडापासून हातभर सोडून घाला आणि मेअखेर गुंडाळून ठेवा. माझ्या बागेत मी घातला नसता. मी कुटार आणि वाळलेलं गवत चार-पाच बोटं पसरलं असतं, खोडाला न टेकवता. ते दरवर्षी पुन्हा घालावं लागतं, मजुरी लागते, वाळवी आली तर बघावी लागते. पण ते कुजून मुळांपाशीच जातं.

तुमच्या दोन्ही अहवालांच्या पत्रिकांचे फोटो आणि दुसरा नमुना नेमका कुठून घेतला तेवढं कळवा. त्यातली पद्धत आणि सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, पीएच) बघून शेणखताचं प्रमाण तुमच्या तीन एकरांसाठी आणखी नेमकं सांगता येईल.